महागाईंतील घरसंसार आणि धानाचें माप

महागाईवर लिहिणारे पुष्कळ आहेत व ती कमी करण्याचे उपाय सरकारास सुचविणारे तर त्याहून पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखांत तो विषय नाहीं. बाजारभाव आपल्या हातीं नसतां घराचा खर्च हातीं कसा ठेवावा, एवढ्याच मर्यादित प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. आणि तोही आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील धान पिकविणाऱ्या कुटुंबापुरता.

महसूल खात्यांत कारकुनी करितां करितां माझ्या हातून असंख्य सातबारे लिहिले गेले. इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा चढविण्याचें काम मीं इतक्या वेळां केलें आहे कीं, कोणत्या गांवीं कोणतें घर हळूहळू खचत चाललें आहे, हें त्या रकान्यावरूनच कळूं लागे. एकदां एका चार एकरांच्या खातेदारास मीं सहज विचारिलें कीं, एवढें कर्ज कशाकरितां झालें? मुलीचें लग्न म्हणावें तर तें झालें नव्हतें, आजार म्हणावा तर तोही नव्हता. तो गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाला, "बाबूजी, कशाकरितां झालें हेंच तर समजत नाहीं." हें उत्तर माझ्या मनांतून गेलें नाहीं. ज्या खर्चाचें नांव सांगतां येतें तो खर्च माणूस कधींतरी फेडतो. ज्याचें नांवच सांगतां येत नाहीं तो जमिनीवर चढतो.

आपल्याकडील अडचणीचें मूळ पिकाच्या स्वरूपांत आहे. भंडारा जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं हा जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आठही तालुक्यांत मुख्य पीक एकच, तें धान. इटियाडोह किंवा बाघ प्रकल्पाचें पाणी ज्यांस मिळतें त्यांचें उन्हाळी धान सोडलें, तर बाकीच्यांच्या घरीं पैसा वर्षांतून एकदां येतो, आणि खर्च मात्र बारा महिने चालू असतो. नोकरदाराचा पगार महिन्यास येतो, म्हणून त्याची चूक महिन्याअखेर उघडी पडते. आपली चूक मृगापर्यंत झांकलेली राहते व बियाणें-खतांच्या वेळीं एकदम पुढें येऊन उभी राहते.

साधारण धानाचा हमीभाव २०१३-१४ सालीं क्विंटलास १,३१० रुपये होता, तो २०२४-२५ सालीं २,३०० रुपये झाला. म्हणजे अकरा वर्षांत सुमारें पाऊणपट वाढ झाली. याच काळांत मजुरी, नांगरटीचें भाडें, औषधपाणी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च किती वाढला, हें प्रत्येकानें आपल्या घरच्या अनुभवानें ताडून पहावें. येथें एक गोष्ट आरंभींच स्पष्ट केलेली बरी: काटकसर हें रास्त भावाऐवजीं घ्यावयाचें औषध नव्हे. शेतकऱ्यानें चहा सोडला म्हणजे त्याचें दारिद्र्य सरेल, असा उपदेश करणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाहीं. परंतु भाव येईपर्यंत घर टिकलें पाहिजे, आणि तें टिकविणें बऱ्याच अंशीं आपल्याकडे आहे.

पूर्वी आपल्या भागांत मजुरी काय, न्हावी-लोहारांचे हक्क काय, धानांतच दिले जात. ती पद्धति परत आणा असें माझें म्हणणें नाहीं. तींत जाच पुष्कळ होता. पण तींत एक सोय होती. देणाऱ्यास आपण काय देतों हें डोळ्यांनीं दिसे. रुपयाच्या नोटेवर घाम दिसत नाहीं, पायलींत दिसतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, घरांतील प्रत्येक खर्च धानाच्या मापानें मोजावा. हिशेबाच्या सोयीकरितां पुढें सर्वत्र २,३०० रुपयांस एक क्विंटल असें धरिलें आहे. आपापल्या सालच्या भावानें तो आंकडा बदलून घ्यावा.

प्रथम घरचें खाणें पाहूं. सहा माणसांचें कुटुंब, दर माणशीं दररोज ४०० ग्रॅम तांदूळ धरिला, तर दिवसास २ किलो ४०० ग्रॅम व वर्षास ८७६ किलो तांदूळ लागतो. शंभर किलो धानापासून सुमारें ६५ किलो तांदूळ धरिल्यास त्याकरितां साडेतेरा क्विंटल धान हवें. हें धान खळ्यावरूनच वेगळें काढून ढोलींत घालावें व त्यास विक्रीचें धान समजूंच नये. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं सर्वच्या सर्व धान केंद्रावर देऊन दुकानांतून तांदूळ आणण्याची चाल पडत आहे. साडेतेरा क्विंटलांचे ३१,०५० रुपये होतात. तोच ८७६ किलो तांदूळ ४५ रुपये किलोनें विकत घेतला तर ३९,४२० रुपये पडतात. भरडाई वजा केली तरी अंतर थोडें नाहीं. शिवाय कोंडा व कनकी घरीं राहत नाहीं ती निराळी. कनकीची भाकर किंवा आंबील होते, कोंडा गुरांस जातो. आपण धान विकतों तेव्हां हीं दोन्ही फुकट देऊन टाकतों.

धान सांठवितांना दोन गोष्टी सांभाळाव्या. तें चांगलें वाळलेलें असावें, म्हणजे ओलावा शेंकडा १४ हून अधिक नसावा. दाणा दाताखालीं मऊ न लागतां कट्कन् तुटला पाहिजे ही आपल्या घरच्या वृद्ध स्त्रियांची परीक्षा अगदींच टाकाऊ नाहीं, तरी आतां ओलावा मोजण्याचें यंत्र खरेदी केंद्रावर असतें. दुसरें, ढोली जमिनीस टेकूं देऊं नये; खालीं लाकडाची किंवा दगडांची बैठक द्यावी. टरफल असेपर्यंत दाण्यास किडीचें भय कमी असतें. म्हणून वर्षाचा तांदूळ एकदम भरडून ठेवूं नये. पंधरा दिवसांपुरता भरडावा.

भरडण्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे. धानाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा टरफलांत जातो. त्यानंतर पॉलिश करतांना तांदळावरील तांबूस पापुद्रा निघतो, तो साधारण शेंकडा आठ-दहा भाग. तांदूळ जितका पांढरा करावा तितका तो वजनांत घटतो, म्हणजे पांढरेपणाकरितां आपण स्वतःचेंच धान कोंड्यांत लोटतों. पण तोटा वजनाचाच नव्हे. गेल्या शतकापूर्वीं, १८९० च्या सुमारास, जावा बेटांत क्रिस्तियान आइकमन नांवाच्या डच वैद्यास असें आढळून आलें कीं, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्यासकट तांदूळ दिला म्हणजे त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचें कारण त्यावरून उलगडलें व त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तांदळाच्या पापुद्र्यांत असणाऱ्या ज्या द्रव्यानें हा रोग टळतो, त्यास आपण ब जीवनसत्त्व म्हणतों.

हा विषय आपल्या शेजारीं वर्ध्यास फार पूर्वीं चर्चिला गेला आहे. महात्मा गांधींच्या प्रेरणेनें डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें. ही जागा जमनालाल बजाज यांनीं दिली होती. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे विलायतेंत हिशेबतपासनिसाचें शिक्षण घेतलेले गृहस्थ होते, आणि म्हणूनच कीं काय, खेड्यांतील प्रत्येक धंद्याचा त्यांनीं जमाखर्च मांडून पाहिला. हातसडीचा तांदूळ, गांवच्या घाणीचें तेल, गूळ, घरगुती साबण, वनस्पति तेलावर जळणारा मगनदीप, लांकूड कमी खाणारी मगनचूल असे अनेक प्रयोग तेथें झाले. ते लोकांस दाखविण्याकरितां ३० डिसेंबर १९३८ रोजीं मगन संग्रहालय उघडण्यांत आलें, तें वर्ध्यास जाणाऱ्यानें अवश्य पहावें.

त्यांचें सर्वच आपण घ्यावें असें मला वाटत नाहीं. हातसडी तांदूळ पौष्टिक खरा, पण तो सडणारे हात कोणाचे? पहाटे उठून ढेकीवर धान कांडणाऱ्या बायांस गिरणी आली तेव्हां जो विसावा मिळाला, तो काटकसरीच्या नांवानें काढून घेणें अन्यायाचें होईल. मधला मार्ग असा आहे कीं, धान गिरणींतच न्यावें, मात्र गिरणीवाल्यास पॉलिश कमी ठेवण्यास निक्षून सांगावें. असा तांदूळ थोडा तांबूस दिसतो, शिजण्यास थोडा अधिक वेळ घेतो व पापुद्र्यांतील तेलामुळें लवकर खवट होतो; त्याकरितांच पंधरा दिवसांची मर्यादा वर सांगितली. ज्यांस तांबूस भात रुचत नाहीं त्यांनीं उसना तांदूळ करावा. धान भिजवून वाफवितांना पापुद्र्यांतील सत्त्व दाण्यांत उतरतें, व भरडतांना तांदूळ कमी तुटतो.

आतां डाळ व तेल. या दोहोंचा खर्च अलीकडे घरधनिणीस सर्वांत जाचतो. आपल्या वाडवडिलांचा यावरील उपाय उतेरा हा होता. धान कापणीच्या पंधरवडाभर आधीं, बांधींत ओल असतांनाच, उभ्या पिकांत लाखोळी किंवा जवस फेंकून द्यावयाचें. ना नांगर, ना खत. बांधावर तुरीच्या दोन ओळी. यंत्रानें कापणी सुरू झाल्यापासून व गुरें मोकळीं सुटूं लागल्यापासून ही चाल मागें पडली. उतेरा पुन्हां धरावयाचा असेल तर तो एकट्याच्यानें होत नाहीं; सगळ्या शिवारानें मिळून गुरें राखावीं लागतात.

लाखोळीविषयीं मात्र सावधपणें लिहिलें पाहिजे. महिनोन्महिने जवळजवळ तीच डाळ खाल्ल्यास पायांस कायमचें पंगुत्व येतें. दुष्काळांत ज्यांस दुसरें कांहीं मिळालें नाहीं अशा गरिबांस हें दुखणें विशेषतः जडलें. याच कारणानें १९६१ सालीं तिच्या विक्रीस बंदी आली. महाराष्ट्रांत ती २००८ सालीं उठविली गेली. डाळ गरम पाण्यांत कांहीं तास भिजवून तें पाणी टाकून द्यावें, शिजवितांनाही पहिलें पाणी ओतून टाकावें, म्हणजे विषाचा बराच अंश निघून जातो. तरीही ती तूर, मूग, हरभरा यांच्या जोडीनेंच, अधूनमधून खावी. रोजची एकमेव डाळ करूं नये. स्वस्ताईच्या लोभानें हा नियम मोडूं नये.

तेलाचा भाव कोठें ठरतो हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. एप्रिल १९२२ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत एप्रिल २०२२ मध्यें इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे बंद केली, आणि त्याच सुमारास युक्रेनांतील युद्धानें सूर्यफुलाचें तेल अडलें. त्याची झळ सालेकसा-देवरीच्या रानांतील चुलीपर्यंत पोंचली. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्याचा हा परिणाम. घरच्या जवसाचें तेल सर्व गरज भागविणार नाहीं. तथापि जवसाची चटणी जेवणांत असली म्हणजे फोडणीचा हात आपोआप आखडतो, हें करून पाहण्यासारखें आहे.

भाजीची गोष्ट थोडक्यांत सांगतों. घरामागील बाडींत कोचई, वांगी, वाल, अंबाडी असेल व न्हाणीचें पाणी तिला मिळत असेल, तर आठवडी बाजाराची पिशवी निम्मी होते. पावसाळ्यांत तरोटा, रानांतील वास्ते आहेतच. या भाज्या खाणें म्हणजे गरिबी उघडी पडणें अशी जी समजूत नव्या पिढींत शिरली आहे, ती मला समजत नाहीं.

जळणाच्या बाबतींत, ज्यांच्याकडे अजून चार-पांच गुरें आहेत त्यांनीं गोबर गॅसचा विचार सोडूं नये. दोन घनमीटरच्या संयंत्रास दररोज सुमारें ५० किलो शेण लागतें. एक घनमीटर वायु सुमारें ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसाचें काम करितो. तेव्हां तें पूर्ण चाललें तर महिन्यास सुमारें २६ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या दोन सिलिंडरांस थोडा कमी, इतका गॅस मिळतो व मळी खतास राहते. थंडींत वायु कमी सुटतो, हें गृहीत धरावें. ज्यांनीं गुरें विकून टाकलीं त्यांच्यासाठीं डाळ भिजत घालणें, भांड्यावर झांकण ठेवणें व कुकर वापरणें एवढेंच उरतें. पण तेंही नियमानें होत असलेलीं घरें मीं फार थोडीं पाहिलीं.

येथवर जें सांगितलें तें बहुतेक स्त्रियांच्या राज्यांतलें. आतां पुरुषांकडे वळूं. कारण काटकसरीचा उपदेश चुलीपाशीं सुरू होऊन चुलीपाशींच संपतो, हा आपल्या समाजाचा जुना पक्षपात आहे. आपल्याकडे खर्रा सर्वांच्या खिशांत असतो. एक खर्रा २० रुपयांस धरिला व दिवसास दोनच धरिले, तर वर्षाचे १४,६०० रुपये होतात, म्हणजे सव्वासहा क्विंटलांहून अधिक धान. दुसरा खर्च भ्रमणध्वनीचा. घरांत तीन फोन, प्रत्येकास २८ दिवसांचे ३०० रुपये. येथें एक गंमत आहे: कंपन्यांनीं आपल्या सोयीनें वर्षाचे तेरा महिने केले आहेत. तेरा वेळां भरणा केल्यास ११,७०० रुपये, म्हणजे पांच क्विंटल धान. दोन्ही मिळून साडेअकरा क्विंटलांच्या आसपास जातें. एकरी बारा क्विंटल पीक धरिलें, तर जवळजवळ एक एकर शेती आपण या दोन गोष्टींकरितां करितों. फोन आतां गरजेची वस्तु झाली आहे, तीनच्या जागीं दोन करतां येतील इतकेंच. खर्ऱ्याचें समर्थन मात्र कोणत्याही मापानें होत नाहीं. हें मी शहाणपणानें सांगत नाहीं. कचेरींत असतां मीं स्वतः अनेक वर्षें तो खाल्ला व तोंड पुरतें उघडेनासें झालें तेव्हां सोडला.

लग्नखर्चावर पुष्कळ बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ पासून साध्या विवाहाची वाट दाखविली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं आपल्या विदर्भांतील खेड्याखेड्यांतून सामुदायिक विवाहाचा प्रचार केला. परंतु एक गोष्ट विसरली जाते. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हां सरकारनें चौकशीस आयोग नेमला. त्या आयोगाचें मत असें पडलें कीं, रयतेच्या कर्जाचें कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें गेलें आहे. वारंवार काढलेल्या किरकोळ रकमा, त्यांवर चढणारें व्याज व कधींच न मिटणारें खातें यांनीं शेतकरी बुडत होता. दीडशें वर्षांनंतर सातबाऱ्याच्या रकान्यांत मला दिसलें तें याहून फारसें वेगळें नव्हतें.

कर्जाविषयीं म्हणूनच एवढें ध्यानांत असावें. पीककर्ज तीन लाखांपर्यंत मुदतींत फेडल्यास केंद्राची सवलत व राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्यास व्याज पडत नाहीं. मुदत चुकली कीं ही सवलत जाते. याउलट, बायकांच्या गटांस दारीं येऊन कर्ज देणाऱ्या कंपन्यांचा हप्ता आठवड्यास किंवा महिन्यास असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानें अशा कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होऊं नयेत. पण धानवाल्यास महिन्याची मिळकत असते कोठें? त्याला ती वर्षाची असते. मग हप्ता भरण्यास पीककर्जाचा पैसा मोडला जातो, आणि बिनव्याजी पैशानें व्याजी देणें फेडतां फेडतां दोन्हीकडून मुदत चुकते.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. घरांत तंगी आली कीं प्रथम कोणाचें ताट आटतें, हें प्रत्येकानें आपल्या घरीं पहावें. सर्वांच्या मागून जेवणारी बाई उरलें तें खाते, आणि डाळ बहुधा उरत नाहीं. २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. रोवणीच्या दिवसांत चिखलांत कमरेंत वांकून आठ-आठ तास राबणाऱ्या बाईचें दूध-डाळ कापून जी बचत होते, ती पुढें दवाखान्यांत दामदुपटीनें द्यावी लागते. म्हणून वर सांगितलेल्या साडेतेरा क्विंटलांच्या राखीव धानाबरोबर तूर व हरभराही माणशीं मोजून ठेवावा, आणि तो वाढतांना बायामाणसें शेवटीं बसणार नाहींत असा नेम घरच्या कर्त्यानें घालावा.

राहिला हिशेब. त्याकरितां शिक्षणाची अडचण नाहीं. माझें स्वतःचें शिक्षण मराठी शाळेच्या सातवी इयत्तेपलीकडे गेलें नाहीं. साधी शंभर पानांची वही पुरे. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च, व खर्चापुढें एक जादा रकाना धानाच्या किलोंचा. २३ रुपये म्हणजे एक किलो, इतकें ठरविलें कीं मुलांसही तो भरतां येतो. वही घरच्या बाईच्या हातीं असावी व पुरुषानें खर्चलेला पैसा त्याच दिवशीं तिला सांगावा. खर्रा असला तरी. दर अमावास्येस बेरीज करावी. आणि केंद्रावर धान मोजून दिलें तरी चुकारे खात्यांत पडेपर्यंत ती रक्कम जमेच्या बाजूस लिहूं नये, बोनसाचेंही तसेंच. तो जाहीर झाल्याचें वर्तमानपत्रांत वाचून उधारी करणारीं घरें मला ठाऊक आहेत. येणें असलेल्या रकमा वहीच्या शेवटच्या पानावर तारीखवार लिहाव्या, व जमा होईल त्या दिवशीं तेथून काट मारून पुढें आणाव्या.